आईला मोफत

तुम्ही खोटं लिहिलंत. तुमचं नाव मी घेत नाही, मला ते माहीतही नाही, पण त्या समुद्री प्राण्यांच्या पार्कच्या ऑफिसात, थंडगार खोलीत बसून ज्या कुणी हे वाक्य पास केलं त्याच्याशी मी बोलतेय. 'एका मुलामागे एका आईला प्रवेश मोफत.' कापूरहोळच्या चौकात, भोरला वळायच्या अलीकडं, तुमचा बोर्ड लागलाय. त्यावर ती काळी तुकतुकीत सील, पिल्लाच्या टाळूला तोंड लावून पडलेली, आणि खाली हे वाक्य, गुलाबी अक्षरात, मदर्स डेच्या रविवारपुरतं. तुम्ही सीलबद्दल लिहा. तिला मिश्या किती, ती श्वास किती वेळ कोंडून धरते, बर्फात तिला थंडी का वाजत नाही, सगळं लिहा, मी मान डोलवीन. पण एका मुलामागे एकच आई असते हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुठं बघितलंत? भोरात, माझ्या गिरणीत येऊन बघितलंत?

गिरणी चालूच होती तेव्हा. मे महिन्यात गिरणीला उसंत नसते, पापडाचं, कुरडयांचं, भाजणीचं दळण दारापर्यंत डब्यांनी लागलेलं असतं. मी उत्रोलीच्या कुणाचे तरी तांदूळ वरच्या पेटीत ओतले होते आणि खाली पडणारं पीठ चिमटीत धरून बघत होते, भरड येतंय का बारीक. तेवढ्यात राजी धावत आली. तिचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज ऐकू येत नव्हता. गिरणीत सगळे असेच बोलतात, मुक्यासारखे, आणि मला ओठांवरून कळतं. पण त्या दिवशी तिच्या ओठांवर जे दिसलं ते खरं वाटेना, म्हणून मी मोटर बंद केली. दळण चालू असताना मी मोटर बंद करत नाही. पट्टा सळसळत थांबला, आणि एकदम आलेल्या शांततेत तिचा आवाज केवढा तरी मोठा झाला. "आई, रविवारी आपण सील बघायला जायचं! पप्पांचा फोन आलता. पप्पा म्हणाले, आईला फुकट आहे!"

"कुणाला फुकट?"

"आईला! म्हणजे तुला!"

डबा घेऊन बसलेल्या शेजारच्या अंबूबाईंनी पदराआड तोंड केलं नाही, सरळ हसल्या. म्हणाल्या, "सुले, सील बघाया एवढ्या लांब कशाला जातीस? लाइटबिल भरू नगंस, हितंच येत्याल सील लावाया."

"ते सील नाही, अंबूआजी. सील म्हणजे प्राणी. पाण्यातला."

"मंग मासाच की. भाटघरला मासं काय कमी हाईत व्हय?" पण मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज उतरला. "जा बाई. जाऊन ये. तुला कोन कुठं नेतंय."

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुमच्यासारखीच बाकीच्यांचीही गफलत होईल. राजी, म्हणजे राजनंदिनी, माझ्या पोटची नाही. माझ्या धाकट्या भावाची, सिद्धनाथची मुलगी. मी तिची आत्या. लग्न करून मी वेल्ह्याकडच्या एका वाडीत गेले होते, तिथं मूल कधी होणार म्हणून माझ्या अंगाकडं बघून हिशेब करणारे होते, आणि त्यांचा हिशेब जुळेना तेव्हा मी माझ्या पायांनी परत आले. बापाची गिरणी बंद पडली होती, ती चालू केली. सिद्धनाथ पुण्यात कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर. त्याची बायको शेफाली नर्सिंग करत होती, मग एका मॅटर्निटी होममध्ये लागली, रात्रपाळी, एका खोलीत तिघीजणींबरोबर राहणं. पोरगी दुपट्यातली होती तेव्हा तिला इथं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. थोडे दिवस, म्हणाले. थोड्या दिवसांत तिला दात आले, ती चालली, तिला गोवर येऊन गेला, ती पाटीवर ग गिरवायला लागली. आणि ती मला आई म्हणायला लागली.

कुणी शिकवलं नाही. शेजारची पोरं ज्या बाईला जेवायला दे म्हणून ओरडत होती तिला आई म्हणत होती. हिनंही तोच शब्द उचलला. मी घाबरले होते. शेफाली महिन्याकाठी यायची, तिच्यासमोर राजीनं मला पहिल्यांदा आई म्हटलं तेव्हा माझ्या हातातलं उलथनं तव्यावरच राहिलं, भाकरी करपली. पण शेफाली हसली. "म्हणू दे हो ताई. मला मम्मी म्हणेल. आई जरा जुन्या वळणाचं वाटतं." इतक्या सहज दिलं तिनं. नको असलेला कुर्ता द्यावा तसा. मी तो शब्द घेतला, आणि मला तो इतका बसला की अंगावर काही घातलंय असंही वाटेनासं झालं. सिद्धनाथनंही पोरीशी बोलताना तीच सवय लावून घेतली. आईला विचार, आईला सांग, आईला ओरडायला लावू नकोस. मी त्याची अक्का. पण पोरीसमोर मी आई. आता तुम्ही सांगा, असा माणूस फोनवर 'आईला फुकट आहे' म्हणाला तर पोरीनं काय समजायचं, आणि मी काय समजायचं?

मी तेच समजले जे मला हवं होतं. गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं, रविवारी गिरणी बंद. लिहिताना अक्षर वळणदार काढलं, पुसून पुन्हा काढलं. मग दिवसभर जो डबा घेऊन येईल तो विचारणार, का हो बंद, आणि मी सांगणार, सील बघायला चाललोय, भाऊ नेतोय, गाडीनं. माणसाला एवढं सुख होऊ नये, त्यानं तोंड सुटतं. हाताखाली दळण चाललेलं आणि डोक्यात रविवार. चपात्या आदल्या रात्री करून ठेवायच्या की पहाटे, दहीभात उन्हात आंबेल म्हणून दूधभात न्यायचा आणि दही वेगळं, शेंगदाण्याची चटणी शेफालीला तिखट लागते, म्हणून मुद्दाम तिखटच. हो, मुद्दाम. गाडीत कोण कुठं बसणार हेही मी ठरवलं. सिद्धनाथ गाडी चालवणार. त्याच्या शेजारी त्याच्या बायकोनं बसायचं, तिचा मान आहे, कोण नाही म्हणतंय? म्हणजे मागं मी आणि राजी. पण शेफाली पुढं बसेल का? ती म्हणेल, ताई, तुम्ही मोठ्या, तुम्ही पुढं बसा, तुम्हाला गाडी लागते. गोड बोलून मला पुढं बसवेल, पट्टा लावून, आणि मागं त्या दोघी. मला मागचं काही दिसणार नाही, फक्त हसणं ऐकू येईल. मी लगेच ठरवलं, मला गाडी लागत नाही म्हणायचं. मग पार्कातल्या त्या काचेच्या बोगद्यातून जायचं, वरून शार्क जातात म्हणे, पोरं घाबरतात. घाबरली की पोर हात धरतं. कुणाचा? पाटावर बसून पीठ चाळता चाळता मी स्वतःला विचारत होते. राजी तिच्या उजव्या हाताशी जे माणूस असेल त्याला धरेल. मग मी उजवीकडं राहायचं.

तुमचा व्हिडिओ राजीनं मला मोबाईलवर दाखवला. निळ्या कपड्यातली मुलगी, हातात बादली, ती शीळ घालते आणि सील पाण्यातून उसळी मारून काठावर येते, तिच्या गालाला तोंड लावते, लोक टाळ्या वाजवतात. "बघ आई, पापी घेते." मी बघितलं. पापी झाल्यावर बादलीतून मासा निघतो. मग दुसऱ्या कुणाच्या तरी हातात बादली दिली, प्रेक्षकांतल्या बाईच्या, आणि सीलनं तिच्याही गालाला तोंड लावलं. तेवढ्याच मायेनं. मला त्या बाईचा चेहरा शेफालीसारखा दिसायला लागला. आता तिच्या हातात बादली आलीये. पुण्यात नऱ्ह्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलाय भाड्यानं, लिफ्टचा, खाली घसरगुंडी आहे, दिवसपाळी मिळालीये. येताना ती पोरीला काय काय आणते, चमकीचे बूट, वासाचं खोडरबर, डोक्याला लावायचा तो स्ट्रॉबेरीचा शाम्पू. ती गेली की पोरीच्या केसांना दोन दिवस तो वास असतो. रात्री पोर माझ्या कुशीत आणि वास दुसऱ्या बाईचा. तिसऱ्या दिवशी मी शिकेकाईनं न्हाऊ घालते, खसखसून. पण व्हिडिओ तिसऱ्यांदा बघताना मला दुसरंच दिसलं आणि मी मोबाईल पालथा घातला. इतकी वर्षं बादली कुणाच्या हातात होती? माझ्याच की.

आणि भाटघर. तेही तुम्हीच काढून घेतलंत. गेल्या वर्षी मी राजीला धरणावर नेलं होतं. पाणी खाली गेलं होतं, काठाची तांबडी माती पायऱ्या-पायऱ्यांनी उघडी पडली होती, आणि पाण्याच्या मधोमध सावलीचा एक लांबट काळा डाग होता, ढगाचा. राजी म्हणाली, तो काय? मी म्हटलं, देवमासा. आपला आहे. झोपलाय, फार बोलायचं नाही. ती किती तरी वेळ तोंडावर हात ठेवून बसली होती. नंतर कुणी दंगा केला की ती त्यांना दटावायची, हळू बोला, देवमासा उठेल. तो आमचा दोघींचा होता. त्याच्याबद्दल मम्मीला सांगायचं नाही असं मी म्हटलं नव्हतं, पण तिनं सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता. बुधवारी संध्याकाळी ती मोबाईल बाजूला ठेवून म्हणाली, अगदी समजूतदारपणे, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, "आई, धरणात देवमासा नसतो. त्याला खारं पाणी लागतं. मम्मीनं सांगितलं. ती हसली." मी म्हटलं, बरं. कणकेचा गोळा हातात होता, तो मळतच राहिले, इतका की त्या चपात्या रबरासारख्या झाल्या. ती हसली! मला त्या देवमाशाचं काही नाही. तो नव्हताच. पण तो नाही हे तिला मी सांगितलं असतं, कधीतरी, मोठी झाल्यावर, माझ्या तोंडानं.

गुरुवारी दुपारी शेफालीचा फोन आला. गिरणीत लाइट गेली होती, दळणाची माणसं घरी गेली होती. राजी मागच्या अंगणात अंबूबाईंच्या कुरडया राखत बसली होती, कावळ्यांना हाकलत. शेफालीचा आवाज मऊ असतो, ती कळा येणाऱ्या बायकांशी बोलते ना दिवसभर. "ताई, राजीचा जरा गैरसमज झालेला दिसतो."

"कसला?"

"रविवारचा. यांनी ऑनलाइन तिकिटं काढली. एक यांचं, एक तिचं, आणि मी मोफतमध्ये. ती मला काल फोनवर म्हणते, आई कुठली साडी नेसणार ते ठरलंय. मला कळेचना. मग लक्षात आलं."

मी दाराकडं बघितलं. दाराच्या आतून खडूची अक्षरं उलटी दिसत नाहीत, फळी आहे ती, पण मला ती दिसत होती.

"तुम्हाला यायचंच असेल तर तुमचंही काढतो हो ताई. तसं काही नाही. फक्त उन्हाचं, खूप चालायचं असतं तिथं..."

"मला सील बघायची नाही," मी म्हणाले. "अंबूबाई म्हणतात मासाच तो."

ती हसली. सुटका झाल्यासारखी हसली. "बरं मग आम्ही सकाळी सातला येऊ. तिला तयार ठेवा. पिशवीत दोन-चार कपडे टाका, तो पिवळा फ्रॉक, बूट, वह्या असतील तर त्या... आणि ती गोधडी पण टाका ना. तिची ती."

राजी त्या गोधडीशिवाय झोपत नाही. माझ्या जुन्या लुगड्यांची आहे, एका कोपऱ्याला तिनं चोखून चोखून भोक पाडलंय. ती गोधडी कधी घराबाहेर गेलेली नाही. मी म्हटलं, "गोधडी कशाला? सकाळी जाऊन संध्याकाळी यायचंय ना?"

"गाडीत झोपली तर असावी."

"मे महिन्यात? गाडीत?"

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग कुजबुज, मग सिद्धनाथचा आवाज. "अक्का, मी सांगणारच होतो."

"सांग की मग."

"शाळा सुरू व्हायच्या आत तिला तिथली सवय व्हायला पाहिजे. नाहीतरी जूनमध्ये आणायचंच होतं. मग म्हटलं, पार्कातून परस्पर नऱ्ह्याला नेऊ. पोर मजेत असेल, दमून गाडीत झोपेल, उठेल ती डायरेक्ट तिकडं. रडारड नको ना, अक्का. तुझीही नको, तिचीही नको."

परस्पर. आपल्याकडं गुरं परस्पर विकतात. शेत परस्पर दुसऱ्याच्या नावावर करतात. ज्याचं आहे त्याला मध्ये न घेता केलेली गोष्ट. मी म्हटलं, "राजीला माहिताय?"

"तिला कशाला आधी सांगायचं?"

मला काय वाटलं ते सांगते, तुम्ही ऐकाच. मला आनंद झाला. आधी आनंद झाला, राग नंतर आला. नऱ्ह्याच्या त्या फ्लॅटमध्ये पोर उठेल, अंधारात चाचपडेल, आई म्हणून हाक मारेल, आणि शेफाली 'ओ' देईल, आणि पोर म्हणेल, तू नाही. ते मला इतकं स्पष्ट दिसलं की मी गिरणीच्या गार लोखंडाला हात लावून उभी राहिले. ते दोन शब्द मला गोड लागले. मग राजीचा चेहरा दिसला, त्या अंधारातला, आणि गोडवा तोंडातच नासला. त्या चेहऱ्यावर मी सुख मिळवत होते.

फोन पुन्हा शेफालीकडं गेला होता. आता तिचा आवाज मऊ नव्हता. "ताई, मागच्या महिन्यात मी आले तेव्हा तिनं मला काय विचारलं माहितीये? चहा घेणार का, विचारलं. बसायला चटई टाकली माझ्यासाठी. माझ्या मुलीनं. मी दिवसात चार-चार बायकांच्या कुशीत त्यांची बाळं नेऊन ठेवते, आणि माझी मुलगी मला चटई टाकते. मी तुमचे उपकार विसरले नाही. पण मला तुमचा राग येतो, ताई. खरं सांगते. तुम्ही तिला जेवायला वाढता तेव्हा सुद्धा येतो."

हे असं काही तिच्यात असेल हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं जळणं माझ्या एकटीच्या वाटणीचं आहे, तिच्याकडं बाकी सगळं आहे. आम्ही दोघी फोनच्या दोन टोकांना एकच निखारा धरून बसलो होतो, आणि मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मला एवढंच वाटलं, हिचं काही चुकत नाही. हेच सहन होईना. चुकत असतं तर मी भांडले असते, आळीला ऐकू जाईल असं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "पोर तुझी आहे. ने. पण झोपेत नेऊ नकोस. चोरून नेतात तसं नेऊ नकोस तिला. तिला आधी सांग."

"मी? आत्ता? फोनवर?"

"मग कुणी? तू तिची आई ना?"

हे मी तिला लागावं म्हणूनच म्हणाले. लागलं. तिचा श्वास ऐकू आला. आणि मागच्या दारातून राजी आत आली, उन्हानं लाल झालेली, हातात कावळे हाकलायची काठी, ओठाला ओल्या कुरडईचा चीक. "कुणाचा फोन? मम्मीचा? मम्मी, रविवारी सीलला मासा आपल्या हातानं घालता येतो का गं?"

मी स्पीकर लावला आणि मोबाईल पालथ्या डब्यावर ठेवला. मला जिंकायचं होतं. शब्द तिला परत हवाय ना, मग शब्दाबरोबर जे येतं तेही घेऊ दे. पोराच्या तोंडाकडं बघून नको ते सांगायचं, ते मी करत आलेय, सुई टोचताना, शाळेत सोडताना, मेलेलं मांजर पुरताना. एकदा तिनं करावं. "शेफाली," मी म्हणाले, "ती इथं उभी आहे. सांग तिला. सील बघून झाल्यावर, रविवारी रात्री, ती कुठं झोपणार?"

फोनमधून काहीच आलं नाही. पंख्याची घरघर तेवढी, नऱ्ह्याच्या पंख्याची. सिद्धनाथ हळूच म्हणाला, "अगं बोल ना काहीतरी." मग तोही थांबला. राजी वाकून मोबाईलच्या काचेत बघत होती, जणू तिथं कुणी येऊन उत्तर देणार होतं. मग ती सरळ झाली. काठी तिनं भिंतीला टेकवली, अगदी सावकाश, पडू नये अशी, आणि माझ्याकडं वळली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. माझ्याकडं वळेल हे मी धरलंच नव्हतं.

"मम्मी बोलत नाही," ती म्हणाली. "आई, तू सांग. कुठं झोपणार मी?"